उसना श्वास

आमच्या घरात रेग्युलेटर हा शब्द निघाला तो जेवणाच्या पंगतीत. दसऱ्याची सुटी होती आणि मी लातूरहून शिरूर अनंतपाळला, म्हणजे आमच्या मूळ घरी, गेलो होतो. पुतण्या पानावर बसता बसता म्हणाला, "काका, मला रेग्युलेटर घ्यायचाय. दोन पाहून ठेवलेत. एक सत्तावीस हजारांचा आहे, दुसरा शहात्तर हजारांचा."

वहिनींच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. "अरे, गॅसचा रेग्युलेटर आपल्याकडे आहे की! त्याला शहात्तर हजार?" थोरले बंधू काही बोलले नाहीत. त्यांनी माळवदाला टांगलेल्या पंख्याकडे एकवार पाहिले आणि मनातल्या मनात हिशेब केला. दादांचा हिशेब रुपयांत होत नाही, तो सोयाबीनमध्ये होतो. "म्हणजे एक सहा क्विंटलचा आणि एक सतरा क्विंटलचा," ते म्हणाले. "काय करतो काय हा?"

"पाण्याखाली श्वास घेता येतो, दादा."

यावर पंगतीत जी शांतता पसरली तिचे कारण सांगायला हवे. आमचा मुलूख पाण्यासाठी प्रसिद्ध नाही. मुळात आमच्या गावाला आपले नाव सांगतानाच अडचण. शिरूर म्हटले की लोकांना पुण्याजवळचे घोडनदीकाठचे शिरूर आठवते. बीड जिल्ह्यात आणखी एक आहे आणि खुद्द लातूर जिल्ह्यातच शिरूर ताजबंद आहे. म्हणून आम्ही पुढे अनंतपाळ जोडतो आणि तरीही आमची पत्रे चार गावे फिरून येतात. 1982 साली उस्मानाबादेतून निघून लातूर जिल्हा झाला, पुढे आमचे गाव तालुक्याचे ठिकाण झाले, कचेऱ्या आल्या. पण पाणी काही त्या हिशेबाने वाढले नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या आणि त्यांत 5 लाख लिटर पाणी होते. त्या गाडीला 'जलदूत' असे काव्यमय नाव मिळाले होते. पण लातुरात हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या आम्हा लोकांना त्यातले काव्य फारसे जाणवले नाही. अशा मुलखातला मुलगा सोयाबीन विकून पाण्याखाली श्वास घ्यायचे यंत्र आणू म्हणतो, याला काय म्हणावे?

पण पुतण्याचे म्हणणे गमतीचे नव्हते आणि ते आम्हा सर्वांना ठाऊक होते. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका तलावात त्याचा वर्गमित्र बुडाला. पोहता येत होते, तरी बुडाला. त्याला काढायला एका वयस्कर भोयाला बोलावले. तो बिचारा धोतराचा काचा मारून, छाती भरून घेऊन पुन्हा पुन्हा खाली जात होता. वर यायचा, दम घ्यायचा, पुन्हा जायचा. गढूळ पाण्यात हाताने चाचपडायचे, आणि तेही एका दमात मावेल तेवढेच. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा सापडला. तोवर त्याची आई काठावर बसून होती. पुतण्याही तिथेच बसून होता. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली की, त्या भोयाजवळ सगळे होते, फक्त दम नव्हता. पुढे तो तारकर्लीला जाऊन बुडीचे शिक्षण घेऊन आला. आता गावातल्या तिघा-चौघांना तयार करायचे, असा त्याचा बेत होता.

जेवण झाल्यावर दादांनी मला ओसरीवर बोलावले. "तू शिकलेला माणूस. पोरासोबत जा. स्वस्त घेण्यासारखा असेल तर स्वस्त घे. फसू नका."

मराठीच्या प्राध्यापकाला रेग्युलेटरची निवड करायला पाठवणे म्हणजे सुताराकडे दागिना घडवायला टाकण्यापैकीच. पण थोरल्या भावाचा शब्द मोडण्याची आमच्या घरी पद्धत नाही.

लातूरहून कोल्हापूरची गाडी धरली. हा रस्ता बार्शी लाईट रेल्वेचा. एके काळी ही अरुंद रुळांची छोटी गाडी होती. ती 1911 साली लातूरला पोचली आणि 1927 साली मिरजेपर्यंत गेली. आता रूळ रुंद झाले आहेत. कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज अशी स्टेशने मागे पडत होती आणि मला सारखे वाटत होते की, आपण त्या पाण्याच्या गाडीच्या उलट दिशेने चाललो आहोत. ती पाणी घेऊन आमच्याकडे येत होती, आम्ही पाण्याच्या शोधात तिच्या माहेराकडे निघालो होतो. कोल्हापूरहून एस. टी. ने राधानगरी, दाजीपूर आणि मग फोंडा घाट. घाट उतरू लागला तशी हवा दमट झाली, झाडे गर्द झाली, काळी माती संपून तांबडी लागली. कणकवलीला चहा घेतला. मालवणात उतरलो तेव्हा अंगावरच्या खादीच्या सदऱ्याने दोनदा भिजून घेतले होते.

वाटेत पुतण्याने मला यंत्राची ओळख करून दिली. सर्वसामान्य समजूत अशी की पाणबुड्याच्या पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो. तसे नाही. तिथे तुमच्याआमच्या ओसरीवरचीच हवा असते, फक्त दाबून भरलेली. 12 लिटरच्या नळकांड्यात 200 पट दाबाने भरली म्हणजे 2400 लिटर हवा झाली. एखाद्या जुन्या वाड्यातल्या लहानशा देवघराएवढी! एवढ्या दाबाची हवा सरळ तोंडात घेतली तर छाती फुटेल. म्हणून मध्ये रेग्युलेटर हवा. त्याचे दोन भाग. पहिला भाग नळकांड्याच्या तोंडाशी बसतो आणि दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा पट दाबाने अधिक इतपत खाली आणतो. दुसरा भाग दातांत धरायचा. तो उरलेला दाब उतरवतो आणि तुम्ही श्वास ओढाल तेव्हाच, ओढाल तेवढीच हवा देतो. म्हणजे वहिनींचे अगदीच चुकले नव्हते. शेगडीचा रेग्युलेटरही दाबच उतरवतो. फरक इतकाच की शेगडीचा वाहतच राहतो, हा मागितल्याखेरीज देत नाही.

मागितलेली हवाही खोलीप्रमाणे महाग होत जाते. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. काठावर नळकांडे 2 तास पुरेल असे धरले तर 10 मीटरांवर तेच 1 तास पुरते, 20 मीटरांवर 40 मिनिटे आणि 30 मीटरांवर अर्धाच तास. त्यातही शेवटचा भाग वर येण्यासाठी राखून ठेवायचा. महागाईचे इतके सोपे गणित मला आजवर कोणी समजावले नव्हते.

मालवणला गेलो आणि सिंधुदुर्ग पाहिला नाही असे कसे होईल? 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर शिवरायांनी या किल्ल्याची पायाभरणी केली. होडीतून उतरलो, बुरूज-तट पाहिले, पण माझे पाय ओढले ते विहिरींकडे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारी बाजूंना खारा समुद्र आणि आत गोड पाण्याच्या तीन विहिरी! विहिरीच्या गावचा माणूस विहीर दिसली की कठड्यावर ओणवा होतोच. मी ओणवा झालो आणि मला आमच्या वाड्यातला आड आठवला.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. उन्हाळ्यात आड आटला आणि गाळ काढायचा ठरला. दोन गडी सकाळीच आले. वडिलांनी दोरीला कंदील बांधला आणि हळूहळू आत सोडला. अर्ध्यावर गेला नाही तोच ज्योत बारीक झाली आणि विझली. पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला, पुन्हा विझला. गडी म्हणाले, "मालक, काही होत नाही, चटकन उतरून येतो." वडिलांनी नकार दिला. दोघांनाही दिवसाची पूर्ण मजुरी दिली आणि घरी पाठवले. त्या वर्षी आमच्याकडे मजुरी फुकट घालवण्याइतके पैसे नव्हते. आई दोन दिवस त्यावर बोलत होती. वडील एवढेच म्हणाले, "कंदील विझला तर रॉकेल जाते."

किल्ल्याभोवतीच्या उथळ समुद्रात प्रवाळ आहेत आणि तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्यात मोडतो. पावसाळा सोडला तर पर्यटकांना तिथे बुडी मारून आणतात. पुतण्याच्या आग्रहाने मीही उतरलो. लहानपणी पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला मी, चाळिशी उलटल्यावर पाठीला नळकांडे बांधून शिकाऊ झालो. पहिली दोन मिनिटे केवळ भीतीची होती. नाक बंद, तोंडात रबर, आणि मन ओरडून सांगते की आता श्वास घेऊ नकोस. शेजारचा प्रशिक्षक हाताने खूण करतो की घे, आणि काही झाले तरी दम कोंडून ठेवू नकोस. कारण दम कोंडून वर आले तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटते. आमच्या विहिरीतल्या बुडीचा पहिला धडा दम कोंडण्याचा. इथला पहिला धडा नेमका उलटा! मी श्वास घेतला. हवा आली. कोरडी, किंचित रबराच्या वासाची, पण हवा. मग दिसू लागले. पिवळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या चष्म्याशी येऊन, हा कोण नवा प्राणी, म्हणून पाहून गेले.

वर आल्यावर मी मोठ्या जाणकाराच्या आवाजात विचारले, "मला दिला होता तो महागाचा की स्वस्तातला?"

प्रशिक्षक हसला. तो मालवणचाच, उन्हाने रापलेला, तिशीतला माणूस. म्हणाला, दोन्ही. अर्धा वेळ एक तोंडात होता आणि अर्धा वेळ दुसरा. मधे त्याने बदलून दिला होता. मला वाटले होते की तो नुसता पट्टा नीट करतो आहे. मला फरक कळलाच नव्हता.

मला हायसे वाटले. चला, दादांचे अकरा क्विंटल सोयाबीन वाचले! तसे मी बोलूनही दाखवले. तेव्हा प्रशिक्षकाने पुतण्याकडे वळून विचारले, "तू खोल किती जातलंस ता नंतर बघूया. आधी खयच्या पाण्यात जातलंस ता सांग."

पुतण्याने सांगितले. आमच्या तलावांचे पाणी, तळाशी काळ्या मातीचा हातभर गाळ, उन्हाळ्यात बाभळीच्या फांद्या, आणि हाताचे बोट डोळ्यांपाशी धरले तरी दिसू नये असा गढूळपणा. माणूस ऐकत राहिला. मग आत जाऊन त्याने एक जुना, मोडीत काढलेला रेग्युलेटर आणला, पाना लावून उघडला आणि वर्तमानपत्रावर झटकला. त्यातून मिठाचे पांढरे खडे आणि वाळूचे कण पडले.

हा साधा, दट्ट्याचा रेग्युलेटर. याची स्प्रिंग पाण्यातच असते. रचना सोपी, भाग थोडे, बिघडणे कमी. समुद्राच्या स्वच्छ, उबदार, उथळ पाण्यात त्याच्याइतका इमानी गडी नाही. दर बुडीनंतर गोड्या पाण्याने धुतला म्हणजे झाले. पर्यटकांना बुडी देणारे तोच वापरतात आणि योग्य तेच करतात. पण चिखलात त्या स्प्रिंगशी गाळ बसतो. दुसऱ्या जातीत मध्ये रबरी पडदा असतो. पाणी पडद्याच्या बाहेर, यंत्र आत. आणि त्यातही बाहेरून आणखी एक आवरण घातलेला मिळतो. गाळाच्या पाण्यात जायचे तर तो.

दुसरा फरक तोलाचा. स्वस्त रेग्युलेटरमध्ये नळकांड्यातल्या हवेचा दाब झडपेवर येतो. नळकांडे रिकामे होत आले की झडपेचे गणित बदलते आणि श्वास ओढायला जड जातो. माझ्या ध्यानात हे लगेच आले. चैत्रात विहिरीचे पाणी खाली गेले की तोच पोहरा, तेच हात, पण ओढायला जड लागतो. तोल साधलेल्या महाग रेग्युलेटरमध्ये पोहरा पहिला आणि शेवटचा सारखाच हलका. सहा मीटरांवर, भरल्या नळकांड्याने, मासे पाहत फिरणाऱ्या प्राध्यापकाला हा फरक कळायचे कारण नाही. खोल पाण्यात, जोर लावताना, धापा टाकताना आणि हवा संपत आलेली असताना तो कळतो.

"म्हणजे स्वस्त ते धोक्याचे?" मी विचारले.

तसेही नाही, असे त्याने सांगितले. युरोपात विकायच्या प्रत्येक रेग्युलेटरची एक ठरलेली परीक्षा असते. 50 मीटर खोलीच्या दाबाखाली मिनिटाला 62.5 लिटर हवा खेचायची, आणि श्वासाचे कष्ट लिटरमागे 3 जूलच्या वर जाता कामा नयेत. स्वस्त आणि महाग दोघेही त्या परीक्षेला बसतात आणि दोघेही उत्तीर्ण होतात. मला आमची विद्यापीठाची परीक्षा आठवली. काठावर पास झालेला आणि पहिल्या वर्गात आलेला, दोघांच्याही नावापुढे पदवी तीच. नोकरी कसली द्यायची आहे यावर कोणाला बोलवायचे ते ठरते.

शहात्तर हजारांच्या यंत्राचे पुढे काय झाले? दुकानदाराने फोनवर त्याचे गुण सांगितले होते. वजनाला हलका, दिसायला देखणा, श्वास हवा तसा कमीजास्त करायची कळ. प्रशिक्षकाने शांतपणे विचारले, "ह्येचे सुटे भाग तुमका खय गावतले?" दर एक-दोन वर्षांनी रेग्युलेटर उघडून त्याची रबरी कडी बदलावी लागतात. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात ते करणारा माणूस नाही. यंत्र पाठवायचे तर मुंबईला किंवा गोव्याला. मग ज्याचे भाग सहज मिळतात आणि जो उघडायला जाणता माणूस सहज सापडतो तोच आपला. देखणेपणाचे पैसे वाचवा आणि त्यातून दुरुस्तीची तजवीज करा. आणि गढूळ पाण्यात एकट्याने कधी उतरू नका. काठावर दोरी धरणारा एक आणि तयार असलेला जोडीदार एक, हे असल्याशिवाय शहात्तर हजारांचा रेग्युलेटरही काही कामाचा नाही, असे त्याने दोनदा बजावले.

रात्री तारकर्लीच्या खोलीत मला झोप येईना. बाहेर समुद्र वाजत होता. पुतण्याने या यंत्राचा इतिहास सांगितला तो तेव्हाच. 1943 साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यान या दोघांनी आजचा रेग्युलेटर सिद्ध केला. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून गान्यान मोटारी गॅसवर चालवायची झडप करत होता. तीच झडप पाण्याखाली नेली. पण मागेल तेवढीच हवा देण्याची कल्पना त्याहून जुनी. 1860 च्या सुमारास रुकेरोल नावाच्या खाण-इंजिनिअरने ती काढली, आणि ती समुद्रासाठी नव्हतीच. खाणीत विषारी वायू कोंडला की आत अडकलेल्या माणसांना काढायला कोणीतरी उतरावे आणि त्याने जिवंत परत यावे, यासाठी होती. पुढे देनेरूझ नावाच्या आरमारी अधिकाऱ्याच्या जोडीने ती पाण्यात गेली.

मी उठून बसलो. म्हणजे हे सगळे आमच्या आडापाशीच येऊन ठेपले होते. वडिलांच्या कंदिलाचेच हे काम होते. कंदील 'उतरू नको' एवढेच सांगत होता. हे यंत्र 'उतर, पण परत ये' असे म्हणत होते. वडिलांनी त्या दिवशी दोन गड्यांची मजुरी वाया घालवली असे आई म्हणे. किंमत मोजायची ती नेमकी कशाची, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

आम्ही तोल साधलेला, पडद्याचा, वरून आवरण घातलेला रेग्युलेटर घेतला. सर्वांत महागातला नव्हे. जोडीला दाब दाखवणारे घड्याळ आणि एक जादा तोंडाचा नळा. सगळे मिळून बावन्न हजार. नळकांडी आणि ती भरायचा पंप ही तरुण मंडळाच्या वर्गणीची बाब. ते व्हायचे आहे आणि ते झाल्याखेरीज यंत्र ट्रंकेतच राहणार आहे.

शिरूरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ओसरीवर सतरंजी घालून पुतण्याने सगळा सरंजाम मांडला. शेजारपाजारचे जमले. दादांनी चष्मा लावला, तोंडाचा भाग उचलला, रबर दातांत धरले आणि जोर लावून श्वास ओढला. काही आले नाही. त्यांनी माझ्याकडे जे पाहिले त्यात बावन्न हजारांचा हिशेब स्पष्ट दिसत होता.

"हवा यात नसते, दादा," पुतण्या घाईने म्हणाला. "ती नळकांड्यात. हा फक्त मोजून देतो."

"बारा क्विंटल," दादा स्वतःशीच म्हणाले. त्यांनी नळे एकेक करून हाताळले. मग पिवळ्या नळ्यापाशी त्यांचा हात थांबला. "आणि हा दुसरा कशाला? तोंड तर एकच आहे."

"तो माझ्यासाठी नाही. खाली जोडीदाराची हवा संपली तर त्याच्यासाठी."

दादा बराच वेळ तो पिवळा नळा हातात धरून बसले. आत वहिनींनी देवापाशी निरांजन लावले. मग ते पुतण्याकडे न पाहताच म्हणाले,

"मंग तो तरी हलका नाही ना घेतलास?"